मदत हवी आहे: रोज वापरणाऱ्यांचंच ॲपवाले का ऐकत नाहीत?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या लोकमान्य नगरातल्या मंडळाचं एका फोटो-व्हिडिओच्या ॲपवर पेज आहे, सगळ्या सूचना तिथेच टाकतो. मध्यंतरी त्यांनी तारखेप्रमाणे पोस्ट दिसायची सोय काढून टाकली, आता आधी कुठल्यातरी अनोळखी लोकांचे रील्स येतात. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्याजवळ कुठे जमायचं ती सूचना एका काकूंना दुसऱ्या दिवशी दिसली, त्या बिचाऱ्या घरीच बसून राहिल्या, मला फार वाईट वाटलं.

तक्रारी खूप केल्या, ॲपमधून, ईमेलने, प्ले स्टोअरवर एक स्टार देऊन, आणि करणारे आम्ही सगळे रोज पोस्ट टाकणारेच, तरी उत्तर येतं ते छापील.

मला वाटतं हे लोक आपलं बोलणं बघतच नाहीत, वापर किती होतो तेवढंच बघतात. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्र काय करतायत ते आपोआप दाखवणारी यादी, आणलं तेव्हा लाखो लोक विरोधाच्या ग्रुपमध्ये गेले, पण ते ग्रुप पसरले त्याच फीडमुळे आणि वापर वाढला, मग फीड कशाला काढतील? यूट्यूबने २०२१ च्या नोव्हेंबरात डिसलाइकचा आकडा लपवला, एवढी ओरड झाली, अजून परत आला नाही. २०२२ च्या जुलैत इन्स्टाग्रामने मात्र फुल स्क्रीन फीडची चाचणी मागे घेतली, तेव्हा त्यांचे प्रमुख ॲडम मोसेरी म्हणाले होते की लोक वैतागलेत आणि वापराचे आकडेही चांगले नाहीत. आमचे आकडे चांगलेच असणार, चिडून का होईना पण रोज तिथेच जातो ना, आणि जाणार कुठे, सगळे काका-काकू तिथेच आहेत.

तर कोणी ॲप कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून पाहिलंय का? की मंडळाने सरळ पोस्ट टाकणंच बंद करावं? प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, अधिकाऱ्याला जरूर लिहा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्यांचं नाव-संपर्क साइटवर द्यावाच लागतो आणि २४ तासांत पोच द्यावी लागते, नाही पटलं तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. पण ते मुख्यतः मजकूर आणि अकाउंटच्या तक्रारींसाठी आहे, फीडची तक्रार त्यात बसवणं अवघड. पोस्ट बंद केल्यात तर परत यायची तारीख सांगू नका, २०२३ च्या जूनमध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एपीआयच्या (बाहेरच्या ॲप्सना साइटशी जोडणाऱ्या सोयीच्या) नव्या दरांच्या निषेधात हजारो ग्रुप दोन दिवस बंद राहणार हे आधीच जाहीर होतं, कंपनी थांबून राहिली आणि ते दर तसेच लागू झाले. तोवर सूचनांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, फक्त प्रत्येकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या, नाहीतर मेसेज पोचत नाही.