वर्डप्रेसमध्ये जतन केलेली मांडणी एका पानावर बदलली, ती सगळ्या पानांवर बदलली

प्रश्न (रावेर)

एका केळी रोपवाटिकेचे संकेतस्थळ मी वर्डप्रेस ६.६ वर तयार करत आहे. वाणाच्या प्रत्येक पानावर डावीकडे घडाचा फोटो, उजवीकडे वाणाचे नाव व चार ओळींची माहिती आणि त्याखाली ‘रोपांची नोंदणी करा’ हे बटण, अशी मांडणी ठरली. ती ग्रँड नैनच्या पानावर बसवून मी पॅटर्न (पुन्हा वापरता येणारी मांडणी) म्हणून जतन केली आणि श्रीमंती व बसराईच्या पानांवर आणली. तेथे मजकूर थेट बदलता येईना, म्हणून ‘मूळ संपादित करा’ हा पर्याय निवडून आधी श्रीमंतीची आणि मग बसराईची माहिती भरली. आता तिन्ही पानांवर बसराईच दिसते. गेलेला मजकूर परत मिळेल का?

उत्तर (धुळे)

मिळेल, परंतु तो पानांच्या नव्हे, तर पॅटर्नच्या रिव्हिजन्समध्ये, म्हणजे जतन झालेल्या जुन्या आवृत्त्यांमध्ये, शोधावा लागेल. सिंक केलेला, म्हणजे सर्व पानांवर एकसारखा राहणारा, पॅटर्न एकाच ठिकाणी साठवलेला असतो आणि पानात केवळ त्याचा क्रमांक असतो. त्यामुळे आपण तीन पानांवर नव्हे, एकाच मजकुरावर तीनदा लिहिले. जुन्या आवृत्त्यांतून ग्रँड नैन आणि श्रीमंतीचा मजकूर आधी उतरवून घ्या. त्यानंतर प्रत्येक पानावर पॅटर्न निवडून ‘डिटॅच’ करा, म्हणजे तो त्या पानाचा स्वतंत्र भाग होईल. पुढच्या वेळी पॅटर्न जतन करतानाच ‘सिंक’चा खटका बंद ठेवावा. पूर्वी ‘पुनर्वापर ब्लॉक’ म्हणून ओळखला जाणारा प्रकारच २०२३ मधील वर्डप्रेस ६.३ पासून सिंक केलेला पॅटर्न झाला, आणि साधा, म्हणजे सिंक नसलेला, पॅटर्नही तेव्हापासून संपादकातच तयार करता येऊ लागला.

उत्तर (भुसावळ)

रिव्हिजन्सचा सल्ला योग्यच आहे. डिटॅच करण्याशी मात्र मी सहमत नाही. उद्या मालकांनी फोटो उजवीकडे हवा म्हटले, तर डिटॅच केलेले प्रत्येक पान हाताने बदलावे लागेल, आणि रोपवाटिकेत वाण वाढत जातात. आपली आवृत्ती ६.६ आहे, म्हणजे ‘ओव्हरराइड’ची, अर्थात पॅटर्नचा ठरावीक भाग पानागणिक वेगळा भरण्याची, सोय आपल्याकडे आहे. मूळ पॅटर्न उघडून फोटो, शीर्षक आणि परिच्छेद यांपैकी एकेक ब्लॉक निवडा, ‘प्रगत’ विभागात ओव्हरराइड सुरू करा आणि त्याला ‘वाणाचे नाव’ असे ओळखता येईल असे नाव द्या. मग प्रत्येक पानावर तेवढाच मजकूर वेगळा भरता येतो, तर रचना व रंग मूळ पॅटर्नमधूनच येतात. बटणाला मात्र ओव्हरराइड देऊ नका. नोंदणीचा दुवा बदलला, तर तो एकदाच बदलून सर्वत्र लागू व्हायला हवा.

प्रश्नकर्ता (रावेर)

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही वाणांचा मजकूर जसाच्या तसा मिळाला आणि ओव्हरराइडने तिन्ही पाने पूर्ववत झाली. हाच पॅटर्न सावद्याच्या एका बागायतदारांच्या संकेतस्थळावर नेता येईल का?

उत्तर (नंदुरबार)

येईल. पॅटर्नच्या यादीतून तो जेसन (JSON) फाइल म्हणून एक्सपोर्ट करा आणि दुसऱ्या संकेतस्थळावर आयात करा. परंतु त्या फाइलमध्ये फोटो नसतो, केवळ त्याचा पत्ता असतो, आणि तो पत्ता रोपवाटिकेच्याच सर्व्हरचा राहतो. रोपवाटिकेकडून तो फोटो हटवला गेला, की सावद्याच्या पानावर त्या जागी काहीच दिसणार नाही. म्हणून आयात करताच तेथे नवा फोटो अपलोड करावा आणि बटणाचा दुवाही तपासावा, अन्यथा बागायतदारांचे ग्राहक रोपवाटिकेच्या नोंदणीवर पोहोचतील.