मदत हवी आहे: 'पीक युअर क्युरिऑसिटी'मधला 'पीक' नेमका कोणता?

नमस्कार मंडळी,
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या शाळेत प्रदर्शन आहे. पाण्यात दोन थेंब दूध टाकून टॉर्च मारायचा, की बाजूने पाणी निळसर दिसतं, असे छान प्रयोग मुलांनी बसवलेत. इंग्रजी निमंत्रणही त्यांनीच लिहिलंय: 'अवर एक्सपेरिमेंट्स विल पीक युअर क्युरिऑसिटी'. या 'पीक'वरून स्टाफरूममध्ये तीन मतं पडली आहेत: पी-ई-ए-के, पी-ई-ई-के आणि पी-आय-क्यू-यू-ई. तिन्ही शब्द खरेच असल्याने संगणक कशाखालीही लाल रेघ ओढत नाही. शिवाय एक सर म्हणतात, पी-आय-क्यू-यू-ई म्हणजे रुसवा, तो निमंत्रणात नको. मग 'अराउज' किंवा 'इन्ट्रीग' घ्यावा का? मजकूर उद्या छापायला द्यायचाय. मुलांच्या मेहनतीला गालबोट लागू नये असं फार वाटतं.

प्रतिसाद १
ताई, पी-आय-क्यू-यू-ईच बरोबर. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ टोचणे. चटकदार चवीला म्हणतात तो 'पिकंट' याच घरातला. स्वाभिमानाला टोचलं की माणूस फुरंगटतो, म्हणून सरांचा अर्थही खोटा नाही. 'इन अ फिट ऑफ पीक' म्हणजे रागाच्या भरात. पण पुढे क्युरिऑसिटी किंवा इंटरेस्ट आलं की कुतूहल चाळवणं एवढाच अर्थ होतो. पी-ई-ए-के म्हणजे शिखर, पी-ई-ई-के म्हणजे डोकावणं. 'स्नीक पीक'मधला हा डोकावण्याचा. तिथेही लोक सर्रास शिखर लिहितात!

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. 'अराउज क्युरिऑसिटी' अगदी शुद्ध आहे, फक्त माणसाबद्दल नुसतं 'अराउज्ड' लिहू नका, त्याला लैंगिक छटा येते. 'इन्ट्रीग'ला कर्म म्हणून माणूस लागतो: 'विल इन्ट्रीग यू'. 'इन्ट्रीग युअर क्युरिऑसिटी' कानाला खटकतं. नाम म्हणून त्याचा एक अर्थ कारस्थान, तेव्हा जपून.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार, पी-आय-क्यू-यू-ईच ठेवते. एकच राहिलं: अहवालात मुलं 'वी पीक्ड अवर क्युरिऑसिटी' लिहू पाहताहेत. चालेल?

प्रतिसाद १
नको. कुतूहल चाळवते ती वस्तू किंवा घटना, तीच कर्ता करा: 'द ब्लू वॉटर पीक्ड अवर क्युरिऑसिटी'. भूतकाळात शेवटी फक्त डी जोडायचा.