मदत हवी आहे: सातेरी मधमाश्यांच्या एका पेटीत अळ्या मरतायत, जांभूळ फुलायच्या आत काय करावं?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात आमच्या सातेरीच्या चार पेट्या आहेत. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर, दुपारच्या उन्हात सगळ्या उघडून पाहिल्या. तीन पेट्यांची काळजी नाही. माश्या पायांवर परागाचे गोळे घेऊन येतायत, मधल्या फ्रेमवर ताजी अंडी आहेत, पिल्लांची बंद घरं सलग आहेत. तळपाटावर मेणाचा भुगा सापडला, पण त्यात जाळं नाही की अळीची लेंडी नाही. सातेरी जुनं काळं पोळं स्वतःच कुरतडून टाकते, म्हणून मेणकिडा नसावा. नरांच्या बंद घरांवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, तेही सातेरीत असतंच.

घोर लागलाय तो चौथ्या पेटीचा. माश्या जेमतेम तीन फ्रेम झाकतात. राणी आहे, अंडीही घालतेय, पण पिल्लांची घरं विस्कटलेली: एक बंद, शेजारचं रिकामं, पुढचं अर्धवट उघडलेलं. त्या उघड्या घरांत पूर्ण वाढलेल्या अळ्या पाठीवर सरळ मरून पडल्यात, डोक्याचं टोक होडीच्या नाळेसारखं वर आलेलं. रंग पिवळट, काही करड्या झाल्यात. आंबूस वास नाही.

हा थाई सॅकब्रूड, म्हणजे अळ्यांचा विषाणूजन्य रोगच ना? की युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणूंचा रोग असू शकतो? एका अनुभवी काकांचं म्हणणं, ही पेटी जोमदार पेटीत मिसळून टाक, जांभळाचा मध तरी हाती लागेल. मला धीर होत नाही. १९९१-९२ च्या सुमारास केरळ-कर्नाटकात याच विषाणूने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. एका दुकानात पाकातून द्यायला प्रतिजैविकाची पूड सुचवली, ती मी घेतली नाही. विषाणूवर तिचा उपयोग नाही आणि अंश मधात उतरतो तो वेगळाच.

प्रतिसाद:
मिसळू नका, अजिबात. त्या पेटीची एकही फ्रेम दुसरीकडे जाऊ देऊ नका. आधी चिमट्याने एक मेलेली अळी उचलून बघा. पाणी भरलेल्या पिशवीसारखी अखंड निघाली तर सॅकब्रूड. युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळ्या बहुधा लहानपणीच, वेटोळ्यात मरतात.

विषाणूवर औषध नाही, पण पिल्लांचा खंड पाडता येतो. राणीला पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे नवीन अळ्या नाहीत आणि माश्यांना घरं साफ करायला उसंत मिळते. रिकाम्या फ्रेम काढून माश्या दाटीवाटीने बसवा. दार लहान करा, नाहीतर शेजारच्या पेट्या लुटायला येतील आणि रोग घेऊन जातील. पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या, सांडू देऊ नका. ही पेटी नेहमी सर्वांत शेवटी उघडा आणि नंतर हात, पटाशी साबणाने धुवा. खंड पाडूनही रोग उलटला तर राणीच बदला.

धागाकर्ता:
मनापासून आभार. चिमट्याने पाहिलं, अळी अखंड पिशवीसारखीच निघाली, टोकाशी पाणी साचलेलं. राणी पिंजऱ्यात घातली आहे, दार लहान केलंय. आता दोन गोष्टी हव्यात. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत कोणी असा नमुना दाखवला असेल तर तो कसा न्यायचा ते सांगा. आणि भोर, वेल्हे किंवा वाईकडे कुणाच्या निरोगी सातेरीत सध्या राणीघरं (नवी राणी वाढते ती घरं) धरली असतील, तर मला एक मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.