बाळाच्या वाटीत पाणीच जास्त

काही जण म्हणतात की मदतीचं डाळ-धान्याचं पाकीट गरजू घरात पोचलं की निम्मं काम झालं. पोचायला हवंच, त्यात वाद नाही. पण सहा महिन्यांपुढच्या बाळांच्या बाबतीत घोडं अडतं ते पातेल्यात. बाळाचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे ७ किलोच्या बाळाचं जेमतेम वाटीभर. पीठ शिजताना फुगतं, लापशी घट्ट होते, बाळाला गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते. वाटी संपते, बाळ तोंड फिरवतं, सगळ्यांना वाटतं पोटभर जेवलं! पोटात गेलं ते बरंचसं पाणीच.

मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्याचं पीठ इथे कामाला येतं. शिजलेली घट्ट लापशी जरा निवली की त्यात ते चमचाभर ढवळायचं. मोडातलं अमायलेज नावाचं एन्झाइम पिठातला स्टार्च तोडतं आणि पाणी न घालता लापशी काही मिनिटांत सैल होते. मग पुन्हा नीट उकळायची, नाहीतर कच्च्या पिठातले जंतू पोटात जायचे (हे सांगायला बरेच जण विसरतात). वर छोटा चमचाभर तेल घातलं तर आणखी ४०-४५ कॅलरी, आणि वाटी तेवढीच.