रेणू कायरल नसतानाही मळसूत्री प्रावस्था कशी?

प्रश्न: कोलेस्टेरिल बेंझोएटचे रेणू कायरल (म्हणजे आरशातील प्रतिमेशी तंतोतंत न जुळणारे) असल्याने त्याच्या द्रवस्फटिकाला (द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंची दिशा ठरलेली असणारा पदार्थ) पीळ पडतो, हे समजते, परंतु सीबी७सीबी या द्रवस्फटिकी पदार्थाचे रेणू कायरल नसूनही त्यात मळसूत्री प्रावस्था, म्हणजे रेणूंची मळसूत्रासारखी मांडणी, कशी निर्माण होते?

उत्तर १: कारण रेणूच्या बाकात आहे. दोन ताठर सायनोबायफिनाइल गट सात मिथिलीन (CH₂) घटकांच्या साखळीने जोडलेले असल्याने रेणू वाकतो, आणि केवळ एकसारख्या वाकाने सारी जागा भरता येत नसल्यामुळे वाकासोबत पीळही येतो. त्याचा एक फेरा जेमतेम ८ नॅनोमीटरचा असतो. भौतिकशास्त्रज्ञ डोझोव्ह यांनी २००१ मध्येच हे भाकीत केले होते.

उत्तर २: साखळीत सहा घटक घेतल्यास रेणू बराचसा सरळ राहतो व ही प्रावस्था दिसत नाही, हा पुरावा मला अधिक बोलका वाटतो.

प्रश्नकर्ता: मग पीळ डावा की उजवा?

उत्तर १: दोन्ही, एकाच नमुन्यात दोन्ही दिशांचे भाग शेजारी आढळतात.