जेनेट बेकर ४८व्या वर्षी थांबली, ती रियाज कमी पडला म्हणून?

पार्कचौक
काल इथे एकाने लिहिलं: "आपले गायक ऐंशीतही दोन तास बसतात. ती जेनेट बेकर एवढी जगप्रसिद्ध, पण ४८व्या वर्षी ऑपेरातून बाहेर. रियाज नाही, दुसरं काय!" त्याखाली नुसती वाहवा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या ब्रिटिश ऑपेरा गायिकेने, बेकरने, गाणं सोडलंच नव्हतं. १९८१-८२च्या हंगामात तिने आधी जाहीर करून तीन भूमिकांनी ऑपेराचा निरोप घेतला. कव्हेंट गार्डनला ग्लुकची अल्चेस्ते, इंग्लिश नॅशनल ऑपेरात दोनिझेत्तीची मेरी स्टुअर्ट आणि जुलै १९८२मध्ये ग्लाइंडबोर्नला ग्लुकचाच ऑर्फेओ. मैफली त्यानंतर १९८९पर्यंत चालूच होत्या. सोडला तो रंगमंच. तिथे पाठांतर, हालचाल, जड पोशाख, पुढ्यात अख्खा वाद्यवृंद, आणि माइक नाही.

आता पट्टी. पेटी काढा आणि मोजा. आपल्या गायिकेचा सा काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) धरला तर तार पंचम येतो वरच्या काळी दोनवर. ख्यालाचं बहुतेक काम तिथे संपतं. मेझोला, म्हणजे बेकरसारख्या मधल्या पल्ल्याच्या स्त्री-आवाजाला, त्याच्याही वर सहा अर्धस्वर चढून पांढरी सहा गाठावी लागते. काळी चारच्या हिशेबात तो अतितार सप्तकातला कोमल रिषभ होतो! पन्नाशीच्या आसपास बाईच्या शरीरातली संप्रेरकं घटतात, स्वरतंतू जाड होतात, आणि आधी अडतो तो हाच वरचा भाग. ख्याल गाणारीला तिकडे फिरकावंच लागत नाही. शिवाय ऑपेरातल्या गायिकेचा सूर संगीतकाराने बांधून दिलेला. आपल्याकडे गळा उतरला की खुंट्या सैल करायच्या, सा अर्ध्या सुराने खाली घ्यायचा, संपलं. मग यात रियाजाची तुलना कुठून आली?

साखरपेठ_पेटी
पेटीवरचा हिशेब बरोबर आहे. पण "बांधून दिलेला सूर" हे अर्धवट आहे साहेब. तुम्ही ज्या मेरी स्टुअर्टचं नाव घेतलंत, ती बेकरसाठी खालच्या पट्टीत उतरवलेली होती. आणि हे काही नवं नाही. 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधली रोझिना रोसिनीने १८१६मध्ये खालच्या आवाजासाठी लिहिली. पुढे सोप्रानोंनी, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकांनी, तिचं पहिलं एकल गाणं (आरिया) ई मेजरवरून एफ मेजरला, अर्धा सूर वर, चढवून घेतलं. म्हणजे तिकडेही खुंट्या पिळतात, फक्त त्याला परंपरा म्हणतात.

आणि इटालियन मेझो चेचिलिया बार्तोलीला सोयीस्कर विसरलात? जन्म १९६६चा. २०१३मध्ये साल्झबुर्गला 'नॉर्मा' ऑपेरातली मुख्य भूमिका केली. २०२३पासून माँटे कार्लो ऑपेराची संचालक आहे आणि गाणंही सोडलेलं नाही. आवाज मुळात मोठा नाही, म्हणून तिने विवाल्डी, हँडेल, रोसिनी धरले, जुन्या पद्धतीची वाद्यं धरली. आतड्याच्या तारा दणदणत नाहीत, आणि बरोक वाद्यवृंद पुष्कळदा ४१५ हर्ट्झला लावतात. आजच्या ४४०पेक्षा अर्धा सूर खाली. निवड शहाणी असेल तर गळा टिकतो. वयाची ढाल पुढे करू नका.

पार्कचौक
मेरी स्टुअर्टचं घ्या, दिलं. पण पट्टी उतरवणं म्हणजे प्रत्येक वादकाची पानं नव्याने लिहिणं. बरोबरच्या गायकांचेही सूर खाली जातात, त्यातल्या बासचा तळ मग कुठे लागणार? व्हायोलिनच्या मोकळ्या तारांवर बसणारे सूर हलले की वाद्यवृंद मंद वाजायला लागतो. तानपुऱ्याला यातलं काय आहे?

आणि बार्तोलीने माझंच म्हणणं सिद्ध केलं. ती टिकली कारण तिने वाग्नरच्या दणदणीत वाद्यवृंदाशी झुंज घेतली नाही.

साखरपेठ_पेटी
तानपुऱ्याला काही नाही? सा उतरवला की तार सैल होते, जवारी (तारेचा घुमारा) बिघडते, घोडीवरचा जीवाचा दोरा पुन्हा सरकवून जागा शोधावी लागते. फार खाली गेलात तर तारांचा गेजच बदलावा लागतो. तबला तर वेगळाच आणावा लागतो, काळी चारचा तबला पांढरी चारला नुसता हातोडीने ठोकून उतरत नाही, भद्द बोलतो. "संपलं" म्हणे!

शिवाय गंगूबाई हनगल. हुबळी काही लंडनला नाही. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज जाडा, खालचा झाला, आणि त्याच आवाजात त्या २००६पर्यंत, त्र्याण्णव वर्षांच्या होईतो, मैफलीला बसल्या. आवाज बदलला तर गाणं त्याच्याभोवती नव्याने बांधता येतं.

विजापूरवेस
दोघंही पंडित खऱ्या मुद्द्याला बगल देताय. आपले बुजुर्ग गातात ते माइकवर. माइक काढा आणि पाचव्या रांगेत काय पोचतं ते बघा. सा हलतोय हे झाकायला वर प्रतिध्वनी ओततात, डोक्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा मारतात. ऑपेरातल्या बाईला ही सोय नाही. व्हिब्रेटो, म्हणजे सुराचा नैसर्गिक कंप, सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांवरून चारवर आला की सगळ्या थिएटरला कळतं. आपल्याकडे त्याच हलण्याला "भाव" म्हणून टाळी पडते.

सातरस्ता_साउंड
माइकला कशाला शिव्या देता बे? दोष लावणाऱ्याचा आहे. गायकाचा माइक ओठांपासून एक वीत हवा. चार बोटांवर आणला की खर्ज फुगतो, शब्द चिखलात जातात. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, गायिकेचं त्याखाली काही नसतं, डग्ग्याचा धप्पा तेवढा शिरतो. मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकवणारा बॉक्स) कार्डिऑइड, म्हणजे समोरूनच ऐकणाऱ्या, माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवायचा, कारण तिथे तो बहिरा असतो. आपल्याकडे मॉनिटर गायकाच्या मांडीशेजारी ठेवतात आणि शिटी वाजली की सगळा आवाजच खाली ओढतात! जो सूर वाजतोय तेवढीच पट्टी इक्वलायझरवर ३ डेसिबल खाली घ्या, भागतं.

आणि मागच्या रांगांसाठी वेगळे बॉक्स लावले तर उशीर द्या, मीटरला ३ मिलिसेकंद. २० मीटरवर ६० होतात. तो दिला नाही की प्रत्येक तान दोनदा ऐकू येते. मग लोक म्हणतात, बुवांचं वय झालं.

विजापूरवेस
म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याच्या भोंग्यालाही उशीर द्यायचा का?

सातरस्ता_साउंड
तुम्हाला द्यायला हवा, उत्तर टाइप करण्याआधी. आवाज तपासायला वेळच मिळत नाही हे कुणी बोलणार आहे का? स्टेजवर साडेपाचपासून हारांच्या टोपल्या मांडलेल्या. कनेक्शन तपासायला वाकलो तर पाय समईला लागतो.

रेल्वेलाइन्स
इथे मला बोलू द्या. खरं दुखणं हेच आहे! सहाची मैफल, दीपप्रज्वलन पावणेसातला, मग प्रास्ताविक, परिचय, देणगीदारांचा सत्कार, सत्काराला उत्तर. गायक विंगेत ताटकळतो, तंबोरे दिव्यांखाली तापून उतरतात. एप्रिलमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली, आत एसीचा झोत थेट तबल्यावर. सव्वाआठला पहिला सा. मग दहाला "ध्वनिक्षेपकाचा नियम" म्हणून भैरवी! दरबारीचं, त्या उशिरा रात्रीच्या रागाचं, तोंड वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नाही.

पार्कचौक
तो नियम उघड्यावरच्या कार्यक्रमांना आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंदिस्त सभागृहाला सूट आहे. आयोजकांना घरी जायची घाई असते, नाव नियमाचं. पण धागा कशावर होता, काय चाललंय!

साखरपेठ_पेटी
बरोबरच चाललंय. बेकरला विंगेत दोन तास नारळ बघत बसवलं असतं तर तिने ४८पर्यंतही वाट पाहिली नसती. एवढ्यापुरतं तुमचं खरं: तिला रियाज कमी पडला असं म्हणणाऱ्याने आधी काळी दोनच्या वरचे सहा सूर माइकशिवाय भरून लावून दाखवावेत.

विजापूरवेस
आणि आपल्या बुजुर्गांनी एकच मैफल माइकशिवाय, दीडशे श्रोत्यांच्या खोलीत. मग मीही गप्प बसतो. बसेनच असं नाही.

सातरस्ता_साउंड
करा की. मी येऊन नुसता बसतो. मात्र माइक लावणार असाल तर तपासणी चारला, गायक आले नाहीत तर शिष्याला बसवा. आणि निवेदकाचा माइक वेगळ्या चॅनलवर द्या. तो गायकाच्या चॅनलवर फुंकर मारून "हॅलो हॅलो" करतो आणि लावलेलं सगळं बिघडवून जातो.

रेल्वेलाइन्स
आणि नारळाला मॉनिटर किती वॅटचा?