डिझेलमधे नॅनो-धातू: याला 'हिरवं' म्हणायचं का?

देवासनाकावाला
मंडळी, भाची इथे इंदूरलाच एम.एस्सी. करतेय, तिने कडुनिंबाच्या पानांचा काढा करून त्यात सिरियम नायट्रेट घातलं, सुकवून भट्टीत तापवलं, आणि फिकट पिवळी पावडर निघाली, चिमूटभर मी हातावर घेऊन बघितली, पिठाहून मऊ. हे सिरियम ऑक्साइड, त्याचे अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो कण डिझेलमधे मिसळतात, ते गरज पडली की ऑक्सिजन सोडतं नि परत घेतं, त्यामुळे काजळी कमी तापमानाला जळते. आता संशोधनात याचीच लाट आहे, लोह, झिंक, अॅल्युमिनाचीही. करंजाच्या बायोडिझेलला नायट्रोजन ऑक्साइड जास्त निघतो, तोही बऱ्याच प्रयोगांत कमी झालाय. आपल्या शहरात हे वापरायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पिठमपूरकर
काका, पोरीचं कौतुकच आहे, पण हिरवं काय झालं? फक्त बनवायची रीत. काजळी जळते, धातू जळत नाही! डिझेलमधे ५० पीपीएम घातलं म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम, ट्रकच्या ३०० लिटर टाकीत साडेबारा ग्रॅमच्या आसपास, ते बरंचसं सायलेन्सरमधून बाहेर, आणि नाक्यावर चहाची गाडी लावणाऱ्याच्या छातीत. कण जितका बारीक तितका फुफ्फुसात खोल जातो.

देवासनाकावाला
अरे पण प्यूजोने २००० साली ६०७ गाडीत डिझेलमधे घालायचं सिरियमचंच अॅडिटिव्ह दिलं होतं ना, वेड लागलं होतं का त्यांना?

पिठमपूरकर
दिलं होतं, पण धुराच्या वाटेत काजळीचा फिल्टर बसवून! धातू त्यात अडकायचा, राख साठायची, म्हणून ८०,००० किमीला फिल्टर काढून साफ करावा लागायचा. आपल्याकडे बीएस-६ एप्रिल २०२० पासून, त्याआधीच्या ट्रकला फिल्टर कुठंय?

गॅरेजवाली ताई
मी प्रॅक्टिकल सांगते. लॅबमधे अल्ट्रासोनिकवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रावर, हलवून मिसळतात आणि लगेच इंजिनवर लावतात, इथे टेम्पो पंधरा-पंधरा दिवस उभा असतो. मागच्या पावसाळ्यात एकाने कुठलीशी 'नॅनो' बाटली टाकीत ओतली, डिझेलचा फिल्टर खोलला तर तळाशी राखाडी चिखल, बोटाने खरवडून काढला मी. गाळ बसला की सगळं संपलं.

देवासनाकावाला
गाळाचं पटलं ताई, भाचीलाही सांगतो की महिनाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज तळ बघ. पण जुने ट्रक उद्या बंद होत नाहीत रे, ती काळी काजळी रोज छातीत जातेच आहे, तिचं काय?

पिठमपूरकर
त्यावर उपाय हवाच काका, नाही कोण म्हणतंय. फक्त धुराच्या आकड्यासोबत बाहेर पडलेला धातूही मोजा. तो आकडा दाखवा, मी स्वतः माझ्या गाडीत घालतो.